कवितेतले अलंकार पटकन कसे ओळखायचे? आणि रोजच्या बोलण्यात खरंच कोणी अलंकार वापरतं का?

तुम्ही लिहिलंय की क्लासमध्ये शब्दांची यादी पाठ करून घेतलीय: 'जणू, गमे, वाटे' दिसलं की उत्प्रेक्षा, 'सारखा, सम, परी' दिसलं की उपमा. तरी सराव पेपरात उत्तरं चुकतायत. आणि पुढे सहज म्हणून लिहिलंय, 'साधी माणसं तर सरळच बोलतात, अलंकार कवींचे.' मी उत्तर लिहायला बसले ती या वाक्यामुळे.

आमचं गाव मंगळवेढ्याकडचं. काळी जमीन, रब्बीची ज्वारी, पाण्याची कायमची ओढाताण. नववीत मराठीच्या सरांनी गृहपाठ दिला की अलंकारांची स्वतःची उदाहरणं लिहून आणा, गाइडमधली नकोत. त्या संध्याकाळी मी वडिलांबरोबर रानात होते. वडील चौथी शिकलेले. बांधावरून चुलत्यांना ओरडून सांगत होते, "पावसानं पाठ फिरवली, पण थंडीनं सावरून घेतलं. पोटऱ्यात आलीय ज्वारी."

पोटऱ्यात येणं मला लहानपणापासून ऐकून माहीत होतं. पण त्या दिवशी डोक्यात गृहपाठ होता, म्हणून पहिल्यांदा थांबून पाहिलं. ताटाच्या शेंड्याकडे कणीस अजून बाहेर पडलेलं नसतं, शेवटच्या पानाच्या आवरणात झाकलेलं असतं. तेवढाच भाग फुगतो, भरीव होतो, आणि वरखाली ताट बारीकच राहतं. चालून चालून घट्ट झालेली पायाची पोटरी अगदी तशीच दिसते. वडिलांनी माझी बोटं धरून तो भाग दाबायला लावला. म्हणाले, "आत कणीस लागतंय का बघ."

मी वहीत लिहिलं: 'पावसाने पाठ फिरवली', चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव गोष्ट माणसासारखी वागते असं म्हणणं. 'ज्वारी पोटऱ्यात आली', रूपक.

सरांनी दोन्हींवर लाल काट मारली. वही वर धरून वर्गाला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "हे वाक्प्रचार. शेतकऱ्यांचं बोलणं. यात काव्य कुठं आहे?" वर्ग हसला. शेजारच्या मुलीच्या 'तिचे मुख चंद्रासारखे आहे' या वाक्याखाली 'छान' असा शेरा होता. ते वाक्य गाइडमधलं आहे हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं आणि सरांनाही माहीत होतं. आमच्या गावात कोणी कोणाच्या तोंडाला चंद्र म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. मी उभी राहून विचारलं, "सर, पावसाला पाठ असते का? नसेल तर ती फिरवली कुणी?" सर म्हणाले, "खाली बस."

तर मुद्द्याचं. यादी पाठ करणं सोडून द्या. आमच्याकडे 'पाहुणं आलं जणू' म्हणजे 'पाहुणे आलेले दिसतायत', त्यात उत्प्रेक्षा शोधाल तर फसाल. 'तो सारखा बोलतो' यात 'सारखा' आहे, उपमा नाही. 'धाकटा थोरल्यासारखाच उंच आहे' यात तुलनासुद्धा आहे, तरी उपमा नाही, कारण दोन्ही बाजूंना माणसंच आहेत. ती मोजणी झाली. उपमेला दोन वेगळ्या जातीच्या वस्तू लागतात आणि त्यांच्यात एखादाच गुण सामाईक असावा लागतो.

शब्दाऐवजी अंतर बघा, म्हणजे त्या दोन वस्तू एकमेकींपासून किती लांब ठेवल्यात ते. 'बैलासारखा राबतो' म्हणताना माणूस (उपमेय, म्हणजे ज्याच्याबद्दल बोलतोय तो) आणि बैल (उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना करतोय तो) वेगवेगळे उभे आहेत: उपमा. 'राबताना जणू बैलच' म्हटलं की हा तोच असावा अशी कल्पना केली: उत्प्रेक्षा. 'तो या घरचा बैल आहे' म्हटलं की दोघं एक झाले: रूपक. 'माणूस कसला, बैल आहे' यात माणूसपण नाकारलं: अपन्हुती. 'बैलालाही मागं टाकतो' यात उपमान हरलं: व्यतिरेक. ज्ञानेश्वरांचं 'परि अमृतातेंही पैजां जिंके' याच शेवटच्या घरातलं आहे, तिथे मराठी बोल अमृताशी पैज लावून जिंकतो. ही पाचही वाक्यं मी वडिलांबद्दल लोकांच्या तोंडून ऐकलीत, आणि बोलणाऱ्यांपैकी एकही कवी नव्हता.

बोलण्यातलं लाक्षणिक वाक्य ओळखायची कसोटी मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने अकराव्या शतकातच 'काव्यप्रकाश' या ग्रंथात देऊन ठेवलीय. आधी सरळ अर्थ अडला पाहिजे. मग नवा अर्थ त्या सरळ अर्थाशी कुठेतरी जोडलेला पाहिजे. आणि असं बोलण्यामागे एक तर रूढी पाहिजे, नाही तर हेतू. हीच लक्षणा. पानिपतावर लाखभर बांगडी फुटली म्हणतात, तेव्हा बांगड्यांचा हिशोब कोणी करत नाही. 1761 च्या त्या लढाईची बातमी पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळली असं सांगतात. त्यात दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि खुर्द्याची गणतीच नाही, एवढंच होतं. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब हे पत्रात लिहावं लागलं नाही. उपमेय पूर्ण गिळून टाकलंय, आणि तरीही वाचणाऱ्याला सगळं समजलं. सावकारी पत्र होतं ते, काव्य नव्हे.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. 1951 साली त्या गेल्या आणि त्यांच्या कवितांचं पुस्तक 1952 साली आलं. 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर'. यात जणू नाही, सारखं नाही. मन हेच ढोर. ही कविता त्याच सरांनी आम्हाला डोळे भरून शिकवली होती. ढोर हाकलायची ती भाषा छापून आली की रूपक, आणि माझ्या वडिलांच्या तोंडून आली की शेतकऱ्यांचं बोलणं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. ज्वारीला पेरणीनंतर 50-55 दिवसांनी पोटरीत असताना पाणी द्या, असं कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत लिहितात. म्हणजे शास्त्रज्ञांनाही त्या अवस्थेला दुसरं नाव शोधावं लागलं नाही, शेतकऱ्याचंच पुरलं.

आता सरांच्या बाजूने जेवढं बोलता येईल तेवढं बोलते. वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या लक्षणेत हेतू उरत नाही, फक्त रूढी उरते, हे शास्त्रालाही मान्य आहे. अशा वाक्याला अलंकार म्हणावं की नाही यावर वाद होऊ शकतो. पण मम्मटाने रूढ लक्षणेसाठी दिलेलं उदाहरण 'कुशल' हे आहे. कुश म्हणजे दर्भ नीट तोडून आणणारा, त्यावरून कोणत्याही कामात तरबेज. तेही गवतातूनच आलंय. त्याने ते काट मारून बाजूला टाकलं नाही, ग्रंथात घेतलं.

परीक्षेसाठी एवढं करा: मागच्या प्रश्नपत्रिका घ्या, प्रत्येक उदाहरणात उपमेय आणि उपमान आधी अधोरेखित करा आणि मगच पर्याय वाचा. उपमेय दिसलंच नाही तर ते गिळलंय का बघा. आणि घरी गेलात की आजी-आजोबा, आई-वडील पावसाबद्दल, पिकाबद्दल, दुखण्याबद्दल कसं बोलतात ते कान देऊन ऐका आणि लिहून ठेवा. पावसानं दडी मारली, ओढ दिली, डोळे वटारले, हजेरी लावली: चेतनगुणोक्तीची एवढी उदाहरणं तुमच्या गाइडमध्ये नसतील.