आधी पाणी, मग मनोरे

तुझ्या कथेतलं एल्फनगर, म्हणजे परीकथांतल्या दीर्घायुषी एल्फ लोकांचं नगर, वाचलं. चांदीचे मनोरे, धुकं, बासऱ्या, सगळं देखणं आहे. पण सकाळी पाणी कुठून येतं ते कळेना. साठ हात उंच झाडावर घरं म्हटल्यावर हंडा वर कोण चढवतं? माझं ऐक, आधी पाणी, कचरा आणि आग यांचा बंदोबस्त कर, मग मनोरे. लाकडी नगरात रात्रभर दिवे लावलेस आणि बंब कुठेच नाही!

पुलांसाठी मेघालयातले जिवंत मुळांचे पूल बघ. तिथले खासी लोक वडाच्याच जातकुळीतल्या रबराच्या झाडाची हवेतली मुळं सुपारीच्या पोकळ खोडांतून ओढ्यापलीकडे नेतात. पूल माणसाचं वजन पेलू लागेपर्यंत 15-20 वर्षं सहज जातात, पुढे मुळं जाड होतील तसा तो पक्का होत जातो. शेकडो वर्षं जगणाऱ्या एल्फांना हेच बांधकाम शोभतं. तुझ्या नगरात गवंड्यापेक्षा माळ्याला मान असेल. आणि अर्ज घेऊन गेलं की खिडकीवरचा कारकून म्हणेल, "पुढच्या शतकात या," तेही अगदी नम्रपणे.

धुकं मात्र निम्मं कर. पावसानंतर ओल्या सालीचा वास, पायाखाली लवणारी फळी, एवढं पुरे.