भरती झालेल्या पोलिसांना लोकांशी नीट बोलायला शिकवून येतं का?

परेड आणि कायदा शिकवता येतो, पण बोलणं शिकवून येतं का, असं तुम्ही विचारलंय. येतं. मी नाशिकमध्ये समुपदेशक आहे आणि नव्या शिपायांचे संवादाचे तास घेते. (त्र्यंबक रोडवरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत फौजदार घडतात; मी सांगतेय ते शिपायांबद्दल.)

या मुलांचा आवाज आधी मैदानावर घडतो. सावधान, विश्राम, एका दमात, मोठ्यानं. तिथं तो हवाच. पण ठाण्यात टेबलाशी बसूनही तोच आवाज लागला, की समोरचा माणूस अर्धं सांगून गप्प होतो.

म्हणून मी व्याख्यान देत नाही, प्रसंग उभा करते. मी होते दिंडोरीची म्हातारी. सीबीएस बस स्थानकावर कुणीतरी गळ्यातली पोत ओढून नेलेली. पहिला मुलगा विचारतो, "किती वाजता? गाडीचा नंबर?" मी रडते, त्याची वही कोरीच. एकदा सुरगाण्याकडच्या मुलानं खुर्ची पुढे केली. "आजी, बस. मानेला लागलं का गं?" मग थोडा वेळ काही विचारलंच नाही. मी आपोआप सांगू लागले. वर्गात लगेच तक्रार झाली, "मॅडम, त्यानं 'तू' म्हटलं!" खेड्यातल्या आजीला ते 'तू' मायेचं वाटतं. पण रिक्षावाल्याला, अगदी संशयितालाही, अहो-जाहोच करायचं. यावर मी अजिबात सूट देत नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो फिर्याद वाचून दाखवण्यात. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी कारवाई कशी करायची ते सांगणारा कायदा, त्याच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते अशा) गुन्ह्याची तोंडी खबर लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, सही घ्यायची आणि प्रत मोफत द्यायची. कागदावर असतं, "सदर इसमाने माझे गळ्यातील सोन्याची पोत जबरीने खेचून नेली." मी तर सांगितलेलं असतं, पोत काळ्या मण्यांची, त्यात सोन्याचे मणी चारच. भरभर वाचलं की म्हातारी मान डोलावते आणि अंगठा उमटवते. चूक तशीच पुढे कोर्टात जाते. मग मी त्याला थांबवते: आता हेच तिच्या बोलीत सांग आणि विचार, असंच झालं ना?

खरी अडचण पुढे आहे. ठाण्यात रुजू झालेला मुलगा महिन्याभरात शेजारच्या हवालदारासारखा बोलू लागतो. म्हणून मी जुन्या हवालदारांनाही वर्गात बोलवायचा आग्रह धरला. दोघे आले. त्यांना फिर्यादी केलं, पोरांना टेबलावर बसवलं. पाच मिनिटांत त्यातले एक कळवळून म्हणाले, "अरे बाबा, वहीत काय बघतोस, माझ्याकडं बघून विचार ना!"