वाचक विचारतात : चीनमधल्या शिआन शहराला एक दिवस पुरेल का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मुलगा कामानिमित्त शांघायला असतो, एप्रिलमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे जातोय. शिआनची मातीची फौज बघायची फार इच्छा आहे. टूरवाला म्हणतो सकाळी फौज, दुपारी तटबंदी, रात्रीची गाडी, एका दिवसात शिआन उरकतं. आम्ही साठीच्या पुढचे आहोत, हिचे गुडघे दुखतात. काय करावं? (सातारा)

उत्तर : काका, एका दिवसात नका करू, अगदी मनापासून सांगते. शांघायहून बुलेट ट्रेननेच सहा-सात तास जातात, एवढं लांब जाऊन धावतपळत काय बघणार? पूर्ण तीन दिवस ठेवा. एप्रिल निवडलात ते छानच, उन्हाळ्यात तिथे अंग भाजतं आणि हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो.

फौज शहरात नाहीये, पूर्वेला लिनतोंगला आहे, साधारण ३५-४० किलोमीटर. मेट्रोची ९ नंबरची लाइन ह्वाछिंगछ़पर्यंत जाते, तिथून बस. टॅक्सीवाल्याने "वाटेत कारखाना दाखवतो" म्हटलं तर सरळ नको म्हणा, आमचा दीड तास अशाच एका दुकानात गेला आणि आतमध्ये घाई करावी लागली, ते अजून मनात आहे.

१९७४ साली दुष्काळात विहीर खणताना शेतकऱ्यांना मातीची डोकी सापडली, तिथून हे सगळं सुरू झालं. इ.स.पू. २२१ मध्ये सगळा चीन एका छत्राखाली आणणाऱ्या छिन शी ह्वांगच्या समाधीची ही राखण, अंदाजे ८००० पुतळे, आणि समाधीची टेकडी अजून उघडलेलीच नाही. हे पुतळे ज्या खड्ड्यांत सापडले त्यातल्या १ नंबरच्या खड्ड्यात सगळे गर्दी करतात, फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही तसं करू नका, त्याच खड्ड्याच्या मागच्या बाजूला जा, तिथे तुकडे जुळवून पुतळे उभे करायचं काम चालतं. जवळपास सगळे पुतळे फुटलेलेच सापडले, आपण बघतो ती रांगेतली फौज माणसांनी वर्षानुवर्षं बसून जोडलीय. मग २ नंबरच्या खड्ड्याकडे काचेत गुडघा टेकून बसलेला धनुर्धारी आहे त्याच्या मागे जाऊन बुटाचा तळवा बघा. तळव्यावर टाके कोरलेत, चवड्याकडे आणि टाचेकडे दाट, मध्ये विरळ, जिथे चप्पल झिजते तिथे जास्त शिवण. बावीसशे वर्षांपूर्वी कुणी कारागिराने जमिनीकडे वळलेला तळवासुद्धा सोडला नाही, मी तिथून हललेच नाही बराच वेळ.

तटबंदी मात्र काकूंनाही जमेल. मिंग काळातली आहे, १४ व्या शतकातली, पूर्ण फेरी १३.७ किलोमीटर, आणि वरचा रस्ता इतका रुंद की लोक भाड्याने सायकली घेऊन फिरतात. चालवत नसेल तर बॅटरीची गाडी मिळते. दक्षिण दरवाजाने वर चढा, संध्याकाळी. एका बाजूला जुन्या वस्तीची कौलं, दुसऱ्या बाजूला टॉवर आणि ट्रॅफिक, सव्वा कोटीच्या पुढे लोकवस्ती असलेलं शहर दोन्हीकडे पसरलेलं दिसतं. मला या शहराचं हेच आवडतं, जुनं कुठे बाजूला काढून ठेवलेलं नाही. चौकातला घंटा मनोरा १३८४ चा, त्याच्याजवळ मेट्रोची २ नंबरची लाइन आली तेव्हा मनोऱ्याला धक्का लागू नये म्हणून दोन्ही बोगदे दोन बाजूंनी वळवून नेले.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. चीनमध्ये उपाशी राहावं लागतं असं सगळे घाबरवतात. (नाशिक)

उत्तर : इतर शहरांचं नाही सांगत, पण शिआनमध्ये उपाशी नाही राहणार, हा गव्हाचा मुलूख आहे. ल्यांगपी नावाचा थंड प्रकार मिळतो, तांदळाच्या किंवा गव्हाच्या रुंद पट्ट्या, काकडी, मोड, व्हिनेगर, वर लाल तिखट तेल. आणि बियांगबियांग नूडल्स, पट्ट्यासारख्या रुंद, त्यातला योउपो प्रकार म्हणजे वर तिखट आणि लसूण ठेवून त्यावर कडकडीत तेल ओततात, अक्षरशः आपली फोडणी, तसाच चर्रर्र आवाज येतो आणि तसाच ठसका लागतो! पण त्यात मांस घालणारेही असतात, म्हणून "वो छ़ सू", मी शाकाहारी आहे, हे फोनवर चिनीत लिहून ठेवा आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा. रस्सा असलेलं काहीही टाळा, बहुतेक वेळा हाडांचाच असतो.

ह्वेई म्हणजे चिनी मुसलमानांच्या गल्लीत संध्याकाळी नक्की जा. मटणाचा वास आहे, तो सोसावा लागेल, पण डुकराची चरबी तिथे नसते त्यामुळे गोड खायला मन धजतं. दोघं जण लाकडी हातोडे घेऊन आलटून पालटून दाण्याची चिक्की कुटत असतात, समोर गरम गरम तुकडा हातावर ठेवतात. लिनतोंगची डाळिंबं प्रसिद्ध आहेत, रस प्या. त्याच भागात मोठी मशीद आहे, बाहेरून चिनी देवळासारखी, कौलारू, अंगणामागून अंगणं, घुमट नाहीच. आत इतकं शांत वाटतं की दोन मिनिटांपूर्वी आपण त्या गर्दीत होतो हे खरं वाटत नाही.

प्रश्न : फोन आणि पैशांचं काय? (ठाणे)

उत्तर : निघण्याआधी फोनवर अलीपे हे पैसे द्यायचं चिनी अ‍ॅप टाका, त्याला व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा, पासपोर्ट अपलोड करा, हे घरी बसूनच करा. आपल्या यूपीआयवर विसंबू नका. गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप तिथल्या वायफायवर चालत नाही, आपल्याच सिमचं रोमिंग घेतलं तर चालतं. पासपोर्ट कायम जवळ, फौजेचं तिकीट पासपोर्ट नंबरवरच मिळतं. शान्शी इतिहास संग्रहालय फुकट आहे पण आधी नोंदणी लागते आणि जागा झटकन संपतात. ऑक्टोबरचा पहिला आठवडा सोडूनच जा, सगळा चीन सुट्टीवर असतो.

प्रश्न : शाळेत वाचलेला ह्युएन त्संग शिआनचाच ना? त्याचं तिथे काही आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : या प्रश्नासाठी तुमचे आभारच मानायला हवेत, कारण आपली माणसं शिआनला जाऊन नेमकं हेच न बघता परत येतात. त्याचा जन्म तिथला नव्हे, पण शिआन म्हणजे तेव्हाचं चांगआन, तांग राजांची राजधानी, तिथूनच तो भारताकडे निघाला आणि ६४५ मध्ये तिथेच परत आला, ६५७ बौद्ध ग्रंथ घेऊन. मध्ये नालंदा झालं, हर्षाचा दरबार झाला, आणि आपल्याकडे दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यातही तो येऊन गेला. महाराष्ट्राची माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमान केला तर जिवावर उदार होतात आणि सूड घ्यायच्या आधी शत्रूला तसं कळवतात, आणि हर्षालासुद्धा ती हार गेली नाहीत, असं त्याने लिहून ठेवलंय. हे लिखाण चांगआनलाच झालं, ६४६ मध्ये.

त्या ग्रंथांसाठी ६५२ मध्ये बांधलेला मोठा पॅगोडा अजून उभा आहे, आता सात मजली, ६४ मीटर. तो एका देवळाच्या आवारात आहे, आवाराचं तिकीट वेगळं, पॅगोड्यावर चढायचं वेगळं. दक्षिण दाराच्या दोन्ही बाजूंना दोन शिलालेख आहेत, ६५३ चे, दोन तांग सम्राटांनी त्याच्या भाषांतरांबद्दल लिहिलेले. काचेमागे आहेत, अक्षरं इतकी बारीक आणि नाजूक की भाषा येत नसली तरी डोळा हटत नाही. बाहेर चौकात त्याचा पुतळा आहे, हातात दंड घेतलेला. तिथे ह्युएन त्संग म्हटलं तर कुणाला कळणार नाही, शुएनझांग म्हणा. मी एका आजोबांना खुणांनी सांगितलं की हा आमच्या गावाकडे येऊन गेलाय, "इंदू" म्हणजे चिनीत भारत, एवढा एकच शब्द मला येत होता, तर त्यांनी नातवाला हाक मारून बोलावलं आणि आमचा तिघांचा फोटो त्या पुतळ्यासमोर काढून घेतला.