अतिथीचा तिथीशी काही संबंध नाही

प्रश्न असा आहे : इंग्रजी अमदानीतल्या एका तारघराच्या इमारतीत आता हॉटेल चालतं आणि त्याच्या जाहिरातीत ‘ऐतिहासिक तारघरात राजेशाही आतिथ्य’ असं छापलंय. यातला ‘तारघर’ हा शब्द हिंदी आहे का, आणि ‘आतिथ्य’ तिथे चालेल का?

‘तारघर’चं लगेच सांगतो. तार फारसी, म्हणजे सूत, तंतू; सतारीतली तार तीच. घर आपलं. देवघर, माजघर, कोठीघर म्हणणाऱ्या भाषेला तारघर परकं वाटायचं कारण नाही. हिंदीत तोच शब्द आहे एवढ्यावरून तो हिंदीच्या मालकीचा ठरत नाही. १८५० मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर अशी पहिली तार ओढली गेली आणि १४ जुलै २०१३ च्या रात्री देशातली तारसेवा संपली. मधल्या काळात तारखातं, तारमास्तर, ‘तार केली’, ‘तार आली’ हे सगळं मराठीनं आपलंसं केलं. मुंबईत हुतात्मा चौकाजवळची तार कार्यालयाची जुनी इमारत तर आधी टपालाची होती. १९१३ मध्ये टपाल कचेरी बोरीबंदराजवळच्या नव्या वास्तूत गेली. इमारतींचा उपयोग बदलतो, त्यात गैर काही नाही.

‘आतिथ्य’ मात्र मला खटकतं. ‘आदरातिथ्य उद्योग’, ‘आतिथ्य व्यवस्थापन’, ‘आतिथ्य शुल्क’! शेवटचा प्रयोग ऐकला की कानाला चटका बसतो, कारण शुल्क घेतलं की आतिथ्य उरतच नाही. त्याहून जास्त राग येतो तो या शब्दाबरोबर हमखास ऐकवल्या जाणाऱ्या व्युत्पत्तीचा : ‘अ + तिथी, ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी.’ प्रवचनकार हे सांगतात, शाळेत हेच शिकवतात, बरे बरे अभ्यासकही मान डोलावतात. मला हे साफ अमान्य आहे.

ऋग्वेदात ‘अतिथी’ जागोजाग आहे, पण चांद्रदिवस या अर्थाचा ‘तिथी’ त्यात नाही. तो नंतरच्या वाङ्मयातला. नातवाच्या नावावरून आजोबांचं नाव कसं ठेवणार? शिवाय ऋग्वेदात अतिथी म्हटलंय ते मुख्यतः अग्नीला. ‘अतिथिर्दुरोणे’, घरातला अतिथी. आता अग्निहोत्रातला अग्नी तर रोज सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी प्रज्वलित व्हायचा. ज्याची वेळ घरातल्या पोरालाही पाठ, त्याला ‘तिथी नसलेला’ म्हणायचं? पारशांच्या अवेस्तेत पाहुण्याला ‘अस्ति’ म्हणतात. तो याच घराण्यातला शब्द, आणि त्यात नकाराचा ‘अ’ आणि तिथी शोधून सापडत नाही.

खरा धागा धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियामुळांच्या जुन्या यादीत आहे : ‘अत सातत्यगमने’, सतत चालत राहणे. अतिथी म्हणजे चालता, वाटसरू. यास्कानं निरुक्तात, म्हणजे वेदांतल्या शब्दांची फोड करणाऱ्या आपल्या ग्रंथात, हेच आधी दिलंय : ‘अभ्यतितो गृहान् भवति’, घरांकडे चालत आलेला. त्यानं दुसरा पर्याय दिलाय तो तर लोकप्रिय व्युत्पत्तीच्या बरोबर उलटा आहे : जो तिथींना दुसऱ्यांच्या घरी येतो तो! म्हणजे तिथीची गाठ घालायचीच झाली तरी यास्क ती ‘तिथी पाळणारा’ अशी घालतो. मनुस्मृतीत तिसराच अर्थ आहे, ‘अनित्यं हि स्थितः’, म्हणजे एक रात्र राहून जाणारा. दोन ग्रंथांत तीन अर्थ, आणि आपण चौथाच घोकत बसलो आहोत.

आपला ‘पाहुणा’ही या बाजूनं साक्ष देतो. प्राकृतात पाहुण, संस्कृत कोशांत प्राघूर्ण. घूर्ण् म्हणजे फिरणे, भोवंडणे. दोन्ही शब्दांत पाय चालते आहेत, दिनदर्शिका कुठेच नाही.

आणि हे पाहून मी हरखून गेलो : ज्या अग्नीला वेद अतिथी म्हणतात त्यालाच दूतही म्हणतात, ‘अग्निं दूतं वृणीमहे’. निरोप नेणारा आणि दारी येणारा एकच, कारण दोघेही चालते. निरोपांच्या घरात वाटसरू उतरावेत, ही जोडी ऋग्वेदाइतकी जुनी आहे. माझ्या मते जाहिरात लिहिणाऱ्यानं ‘राजेशाही’ऐवजी हे सांगायला हवं होतं.

तारेच्या काळात तर हॉटेलाच्या कागदावर वर ठसठशीत ‘तारेचा पत्ता’ छापलेला असे. शब्दामागे पैसे पडत, म्हणून अख्खा पत्ता एका नोंदवलेल्या शब्दात बसवायचा. गिऱ्हाईक तो शब्द आणि येण्याची तारीख तारेनं कळवून खोली धरून ठेवी. तारीख कळवून येणारा माणूस लोकप्रिय व्युत्पत्तीनं अतिथी ठरूच शकत नाही. ती व्युत्पत्ती मानणाऱ्यांनीच ‘हॉटेलचं आतिथ्य’ म्हणावं, याला काय म्हणायचं?

माझा आक्षेप वेगळा आहे. आतिथ्य हा धर्म होता. सोमयागात गाड्यावरून आणलेल्या सोमराजाचं, म्हणजे सोमवल्लीचं, स्वागत करतात, त्या इष्टीचं (छोट्या यज्ञाचं) नावच आतिथ्येष्टी. नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिला तर प्रत्यक्ष यमाला त्याची भरपाई म्हणून तीन वर द्यावे लागले. इतकं वजन असलेला शब्द खोलीभाड्याच्या पावतीवर घालू नये.

मग काय म्हणावं? ‘बडदास्त’. फारसी बर्दाश्त, म्हणजे उचलून धरणे. हिंदीनं त्यातून सोसणं घेतलं, मराठीनं माणसाला हातावर झेलणं घेतलं; मला आपली निवड फार आवडते. ‘उत्तम बडदास्त ठेवली जाईल’ असं लिहा. ‘सरबराई’ही चालेल. आणि राहणाऱ्यांना ‘अतिथी’ कशाला? मराठी माणूस हॉटेलात उतरतो, म्हणून तो उतारू.

‘अतिथी’ लिहायचाच असेल तर सुटा लिहिताना थी दीर्घ, समासात ऱ्हस्व : अतिथिगृह. ‘अतिथ्य’ चूक, ‘आतिथ्य’ बरोबर. यजमानासाठी ‘आतिथेय’ हा पाणिनीनं सूत्रात बसवलेला शब्द आहे. तो पाहुण्यासाठी वापरू नका.