मुलापुढे नमते घेतले तर वचक जाईल का?

«ताई, मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो आणि आमच्या चर्चच्या कमिटीवर आहे. दहावीतला मुलगा क्लास बुडवून मित्रांबरोबर फिरत होता आणि विचारल्यावर खोटे बोलला. घरात पाहुणे होते, तरी रागाच्या भरात मी त्याच्या थोबाडीत मारली. तेव्हापासून तो रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेला बसत नाही. ‘पप्पा चर्चमध्ये एक आणि घरात एक,’ असे तो आईला म्हणाला. प्रभूने त्याला सुबुद्धी द्यावी म्हणून मी रोज त्याला ऐकू जाईल अशी प्रार्थना करतो, पण काही फरक नाही. पत्नी म्हणते, तुम्ही क्षमा मागा. बापाने मुलापुढे वाकावे, असे वचनात कुठे आहे? उद्या माझा वचक राहील का? – एक वडील»

प्रिय बंधू, सलाम.

तुमच्या पत्नीचे म्हणणे बरोबर आहे, हे आधीच सांगून टाकते. तुम्ही वचनाचा, म्हणजे बायबलचा आधार विचारला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, हे आपण दर वर्षी ईस्टरच्या आधीच्या दुःखसप्ताहात ऐकतो. मात्र पाय धुऊन झाल्यावर तो काय म्हणतो, ते घाईत निसटते. तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते योग्यच आहे, कारण मी तसा आहे, असे तो म्हणतो. पाय धुतल्याने त्याचे गुरुपण उणे झाले नाही, उलट त्याच अधिकाराने त्याने शिष्यांना एकमेकांचे पाय धुण्याची आज्ञा दिली. त्याला तर क्षमा मागण्यासारखे काहीच नव्हते, तुम्हाला आहे.

मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावे, हे इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातले पहिले वचन आपल्याकडे संडे स्कूलपासून पाठ असते. चौथे वचन बापांसाठी आहे आणि ते मुलांना चिरडीस आणू नका असे सांगते. ज्या काळात रोमी कायद्याने घरच्या कर्त्या पुरुषाला मुलांवर जवळजवळ अमर्याद सत्ता दिली होती, त्या काळात पौलाने हे बापांना बजावले. कलस्सैकरांना लिहिताना तर अशाने मुले खिन्न होतात, असे कारणही दिले. आता कोणी तुम्हाला बायबलच्या नीतिसूत्रे या पुस्तकातली, मुलांना शिस्त लावणारी छडी दाखवील. त्याला त्याच पुस्तकाचे पहिले सात अध्याय उघडायला सांगा. तिथे बाप पुन्हा पुन्हा ‘माझ्या मुला’ अशी हाक मारून बोलत बसला आहे, आणि छडीचा उल्लेख त्यानंतर येतो.

तुमच्या पत्रातली थपडेइतकीच मला खटकलेली गोष्ट म्हणजे त्याला ऐकू जाईल अशी केलेली ती प्रार्थना. आपल्या पुष्कळ घरांत हे चालते: डोळे मिटलेले असतात, हात जोडलेले असतात, बोलणे प्रभूशी असते आणि टोमणा शेजारच्या खोलीतल्या लेकराला असतो. मुलांना ते लगेच कळते. तो प्रार्थनेला बसत नाही, त्याचा अर्थ त्याने विश्वास सोडला असा लावू नका. प्रार्थनेत आपल्याला बोल लावला जातो, म्हणून तो ती टाळत असावा. ती प्रार्थना आजपासून बंद करा. त्याच्यासाठी जे मागायचे ते एकांतात मागा, आणि घरच्या प्रार्थनेत नाव घ्यायचेच असेल तर आधी स्वतःच्या रागाचे घ्या.

क्षमा प्रार्थनेच्या वेळी मागू नका, आणि रविवारी साक्ष म्हणून तर नकोच, कारण तिथे तुमच्या नम्रतेचे कौतुक होईल आणि मुलगा पुन्हा एकदा चारचौघांत उघडा पडेल. दोघेच असताना सरळ म्हणा, ‘पाहुण्यांसमोर मी तुझ्यावर हात उचलला, ते चुकले. मला क्षमा कर.’ त्यापुढे ‘पण तूही’ हे शब्द येऊ देऊ नका. ज्या पाहुण्यांसमोर मारले, त्यांनाही फोन करून आपली चूक झाली असे सांगा, आणि तसे सांगितल्याचे मुलाला कळू द्या. तो कदाचित ‘ठीक आहे’ म्हणून मोबाइलमध्ये डोके घालील. घालू द्या. बारा वर्षांचा येशू तीन दिवसांनी मंदिरात सापडला, तेव्हा त्याचे उत्तर आईबापांना समजले नाही, असे लूक स्पष्ट लिहितो. तरी मरियेने आधी प्रश्न विचारला आणि पुढे त्या गोष्टी मनात जपल्या. (योसेफाचा तर एकही शब्द शुभवर्तमानांत नोंदलेला नाही, हे आपल्या वडीलमंडळींनी अधूनमधून आठवावे.) हात उचलणे ही एकदाचीच घटना नसून सवय असेल, तर पाळकांशी किंवा एखाद्या समुपदेशकाशी मोकळेपणाने बोला.

आता वचकाविषयी. क्षमा मागितली म्हणजे खोटे बोलणे माफ झाले, असे होत नाही. एली याजकाने आपल्या मुलांना नुसते तोंडाने समजावले, आवरले मात्र नाही, आणि देवाने त्याचा दोष त्याच्यावर ठेवला, हे पहिल्या शमुवेलात आहे. म्हणून क्लासचा विषय सोडू नका, फक्त क्षमा मागण्याच्या दिवशी तो काढू नका. दोन-चार दिवसांनी बसा आणि तो क्लास का बुडवतो ते आधी विचारा. शिकवलेले डोक्यावरून जाते आहे की तिथे कोणी त्रास देते आहे, हे तुम्हाला अजून ठाऊक नाही, निदान पत्रात तरी नाही. मग बुडालेला अभ्यास त्याने कधी भरून काढायचा आणि पुन्हा खोटे बोलल्यास मोबाइल किती दिवस बंद, हे दोघांनी मिळून ठरवा. त्या वेळी त्याच्या आईलाही बसवा, कारण इतके दिवस बाप-लेकाचे निरोप इकडून तिकडे तीच पोहोचवत आली आहे.

तुमची,
ताई