कापड-बाजाराचं वार्तापत्र काढायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : लंडनच्या इम्रान अमेद यांनी 'बिझनेस ऑफ फॅशन' हे फॅशन-व्यवसायाच्या बातम्या देणारं संकेतस्थळ उभं केलं, तसं खानदेशातल्या कापड-कपडे व्यापारासाठी मराठी साप्ताहिक काढायचंय. फॅशन शोपासून सुरुवात करू का? वर्गणी कधी लावू?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : फॅशन शो राहू द्या. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) साड्या सुरतहून किती दिवसांच्या उधारीवर मिळतात, हे धुळे-जळगावच्या दुकानदाराला आधी हवंय. अमेद यांनी 2007मध्ये सुरुवात केली, 2013मध्ये गुंतवणूकदार घेतले आणि वर्गणी लावली 2016मध्ये. तुम्ही इतकं थांबू नका. चार अंक फुकट द्या, पाचव्यापासून पैसे घ्या. फुकटची सवय लागली की दुकानदार खिशात हात घालत नाही.

खरी गोची भावात आहे. 'कोरं कापड 30 रुपये मीटर' या बातमीचा उपयोग शून्य. पन्हा (रुंदी) किती, सूत कोणत्या काउंटचं (म्हणजे किती बारीक), रोखीचा भाव की 60 दिवसांच्या उधारीचा, जीएसटी धरून की वगळून, हे सगळं भावाशेजारीच छापा. विकणारा चढा भाव सांगतो, घेणारा उतरता, म्हणून दोघांना विचारा आणि जमल्यास दलालाकडून झालेल्या सौद्याचं बिल पाहा. एकच आकडा देऊ नका. तारखेसह 'इतके ते इतके' असं द्या.

कराची बातमी उदाहरण देऊन लिहा. 22 सप्टेंबर 2025पासून नगाला 2,500 रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर जीएसटी 5 टक्के, त्यापुढे 18 टक्के. इथे छापील किंमत नव्हे, विक्रीची किंमत धरतात. 2,800चा कुर्ता सूट देऊन करापूर्वी 2,400ला विकला, तर 5 टक्केच. असा एक परिच्छेद वर्गणी वसूल करून देतो.

छापील अंक काढणार असाल तर 2023च्या नियतकालिक नोंदणी कायद्याप्रमाणे (लागू 1 मार्च 2024) सरकारच्या प्रेस सेवा पोर्टलवर आधी नोंदणी करा. ज्या घाऊक व्यापाऱ्याची जाहिरात घ्याल, त्याच्या एकट्याच्या तोंडचा भाव त्या अंकात नको. वाचक लगेच ओळखतात.

प्रश्न : दर आठवड्याला सुरतला जावं लागेल?

उत्तर : नाही. अमळनेरहून थेट रेल्वे आहे खरी, पण दिवाळी आणि लगनसराईच्या खरेदीआधी दोन-दोन दिवस पुरेत. एरवी ट्रान्सपोर्टच्या गोदामात कोणत्या गावचे किती गठ्ठे उतरले, ते विचारत जा.