प्रश्न तुमचे : वीज आल्यावर एचबेस उठत नाही

प्रश्न (एक वाचक, अंधेरी पूर्व) : आमच्याकडे पाच मशीनवर हडूप ३ (मोठा डेटा अनेक मशीनवर वाटून साठवणारी प्रणाली) आणि एचबेस २ (त्यावर चालणारा डेटाबेस) चालतं. एकावर नेमनोड (कोणता डेटा कुठे आहे याची नोंद ठेवणारा), झूकीपर (सगळ्यांचा समन्वय राखणारा) आणि एचमास्टर (एचबेसचा मुख्य प्रोग्रॅम). बाकी चारांवर डेटानोड (प्रत्यक्ष डेटा साठवणारा) आणि रीजनसर्व्हर (एचबेसच्या टेबलांचे भाग, म्हणजे रीजन, सांभाळणारा), प्रत्येकाला डेटासाठी एकच वेगळी डिस्क. रेप्लिकेशन २, म्हणजे डेटाच्या प्रत्येक तुकड्याच्या (ब्लॉकच्या) दोन प्रती. शनिवारी यूपीएस बसला आणि सगळी मशीन एकदम गेली. आता एचमास्टरच्या लॉगमध्ये ‘वेटिंग फॉर डीएफएस टू एक्झिट सेफ मोड’ एवढंच येत राहतं, म्हणजे खालची साठवण सेफ मोडमधून (फक्त वाचता येण्याच्या अवस्थेतून) बाहेर येण्याची वाट. नेमनोड म्हणतो, ४२,००० पैकी ३४,९६२ ब्लॉक मिळाले, आणखी ६,९९६ हवेत. चारही डेटानोड मात्र लाइव्ह दिसतात. सेफ मोड जबरदस्तीने बंद करावा का?

उत्तर : मुळीच करू नका. एचबेसमध्ये बिघाड नाही. ते खालच्या एचडीएफएसची, म्हणजे हडूपच्या फाइल साठवणाऱ्या भागाची, वाट बघतंय. नेमनोडही बरोबर वागतोय. एकूण ब्लॉकपैकी ९९.९ टक्के, तुमच्याकडे ४१,९५८, इतक्या ब्लॉकची निदान एक प्रत कुठे ना कुठे सापडल्याशिवाय तो दार उघडत नाही.

तुमचे आकडेच रोग सांगतात. ४२,००० मधून ३४,९६२ वजा केले की ७,०३८ उरतात, म्हणजे जवळपास एक षष्ठांश. चार मशीनच्या दोन-दोनच्या सहा जोड्या होतात आणि प्रत्येक ब्लॉकच्या दोन प्रती त्यांतल्या एका जोडीवर असतात. एक षष्ठांश ब्लॉक नाहीसे झाले, तर एका जोडीतली दोन्ही मशीन रिकाम्या हाताने आली आहेत असं समजा. लाइव्ह आहेत, पण रिकामी. नेमनोडच्या ९८७० पोर्टवरच्या पानावर डेटानोडची यादी उघडा. दोघांसमोर ब्लॉकचा आकडा शून्य दिसेल.

बहुतेक वेळा याचं कारण माउंट न झालेली (सिस्टिमला न जोडली गेलेली) डिस्क हे असतं. एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) डिस्क ‘एसडीबी’ अशा नावाने लिहिलेली असते आणि बूट होताना ती ‘एसडीसी’ होते. पुढे ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी थांबू नको) लिहिलेलं असल्याने मशीन तक्रार न करता चालू होतं. डिस्क जिथे जोडायची तो /डेटा हा फोल्डर ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ डिस्कवर असतोच, फक्त रिकामा. डेटानोडला वाटतं नवी जागा मिळाली. तो तिथे नवी मांडणी करतो आणि कामाला लागतो. त्याच्या लॉगमध्ये ‘इज नॉट फॉरमॅटेड’ आणि त्यापुढे ‘फॉरमॅटिंग’ असं दिसलं की शंका उरत नाही. मुंबईत वीज क्वचितच जाते, त्यामुळे मशीन महिनोन्‌महिने रीबूट होत नाहीत आणि एफएसटॅबमधली चूक तशीच झाकलेली राहते. १२ ऑक्टोबर २०२० ला सगळ्या महानगराची वीज गेली होती, तसा दिवस उजाडला की ती उघडी पडते.

या अवस्थेत सेफ मोड बंद केलात, तर एकच प्रत उरलेल्या ब्लॉकच्या नव्या प्रती नेमनोड लगेच करायला घेईल, आणि त्यांतल्या बऱ्याच जातील त्या दोन मशीनच्या छोट्याशा मूळ डिस्कवर. ती भरली की मशीनच अडेल. वर ज्या रीजनच्या फाइल सापडत नाहीत ते उघडणारच नाहीत. एफएससीके (फाइल तपासणारी आज्ञा) ‘डिलीट’ पर्यायासह चालवणं किंवा नेमनोड फॉरमॅट करणं हा तर आत्मघात आहे. तुमचा डेटा शाबूत आहे, फक्त जोडलेला नाही.

आधी एचबेस पूर्ण थांबवा. नेमनोड चालू राहू द्या. त्या दोन मशीनवर डेटानोड बंद करून ‘एलएसबीएलके -एफ’ने डिस्क आणि तिचा यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) शोधा, डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींमध्ये) डिस्कच्या चुका आहेत का ते पाहा. /डेटामध्ये नव्याने तयार झालेला फोल्डर दुसरीकडे हलवा. तो किती लहान आहे हे ‘डीयू’ने आधी बघून घ्या. आता एक काम, जे फार थोडे जण करतात : डिस्क जोडण्याआधीच रिकाम्या /डेटावर ‘सीएचएटीटीआर +आय’ लावा. पुन्हा कधी डिस्क माउंट झाली नाही, तर डेटानोडला तिथे लिहिताच येणार नाही आणि तो चालूच होणार नाही. आपल्याला तेच हवं आहे. मग एफएसटॅबमध्ये यूयूआयडी घाला, ‘माउंट -ए’ करा, फोल्डरची मालकी एचडीएफएसच्या युजरकडे आहे ना ते तपासा आणि डेटानोड एकेक करून चालू करा.

ब्लॉकचा आकडा ४१,९५८ च्या पुढे गेला की साधारण ३० सेकंदांत सेफ मोड आपोआप सुटतो. एफएससीकेमध्ये मिसिंग आणि करप्ट दोन्ही शून्य आले की मगच एचबेस चालू करा. मास्टर आधी जुने वॉल लॉग (प्रत्येक बदल आधी जिथे लिहिला जातो त्या नोंदी) रीजनप्रमाणे वाटतो, त्याला वेळ लागतो. मधेच रीस्टार्ट करू नका आणि वॉलच्या फोल्डरला हात लावू नका. सगळी मशीन एकाच क्षणी गेल्याने वीज जाण्याआधीच्या काही सेकंदांच्या नोंदी डिस्कपर्यंत पोचल्या नसण्याची शक्यता आहे. तेवढ्या मूळ अ‍ॅपच्या लॉगशी ताडून बघा.

प्रश्न (एक वाचक, ठाणे) : मदरबोर्डची बॅटरी बदलल्यापासून एक रीजनसर्व्हर चालू होऊन लगेच पडतो. लॉगमध्ये ‘क्लॉकआउटऑफसिंक’ (घड्याळ जुळत नाही), फरक १,९८,००,४१२ मिलिसेकंद. फरकाची मर्यादा वाढवली तर चालेल का?

उत्तर : १,९८,००,००० मिलिसेकंद म्हणजे बरोबर साडेपाच तास. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) कुणीतरी भिंतीवरच्या घड्याळाची वेळ घातली आहे. लिनक्स ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून वर साडेपाच तास चढवतो. क्रोनी (नेटवरून वेळ जुळवणारा प्रोग्रॅम) चालू असूनही वेळ सुधारत नसेल, तर फायरवॉलवर यूडीपी १२३ (त्यासाठी लागणारा पोर्ट) बंद आहे का ते पाहा. ‘क्रोनीसी मेकस्टेप’ने वेळ जुळवा, ‘एचडब्ल्यूक्लॉक --सिसटूएचसी’ने ती बायोसमध्ये लिहा, मग रीजनसर्व्हर चालू करा.

३० सेकंदांची मर्यादा मात्र वाढवू नका. एचबेस प्रत्येक नोंदीवर रीजनसर्व्हरच्या घड्याळाचा शिक्का मारतं. साडेपाच तास पुढचा शिक्का बसलेली नोंद तुम्ही पुढच्या साडेपाच तासांत बरोबर वेळेने बदललीत, तरी वाचताना जुनीच वर येईल, आणि डिलीट केलीत तरी ती जाणार नाही.